हजार रुपयांचा उजेड

या शनिवारचा विषय गाडीच्या हेडलाइटचा बल्ब. हो, बल्बच. मागच्या वेळी डेटाबेसवर लिहिलं तेव्हा काही मित्रांनी "जरा माणसांना कळेल असं लिही" असा सल्ला दिला होता, त्यामुळे यावेळी थोडा उजेड पाडायचा विचार आहे. (हा विनोद इथेच संपला, पुढे छळणार नाही.)

प्रश्न असा. कंपनीने गाडीत बसवून दिलेला साधा हॅलोजन बल्ब दीड-दोनशे रुपयांना मिळतो. त्याच शेल्फवर शेजारी चकचकीत खोक्यात "१०० टक्के जास्त उजेड", "१३० टक्के जास्त उजेड" वाली जोडी हजार-दीड हजाराला असते. आणखी पुढे एलईडीवाले, मागे छोटा पंखा लावलेले, दोन-तीन हजारांचे. बुलढाणा जिल्ह्यात दिवाळीला गाडी घेऊन येणारा प्रत्येक पोरगा हा प्रश्न एकदा तरी विचारतो, आणि चिखलीच्या ऍक्सेसरीच्या दुकानातलं उत्तरही ठरलेलं आहे: "लावा बिनधास्त साहेब. रात्र वाटतच नाही, दिवस होते दिवस!"

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. प्रोग्राम हळू चालतोय म्हटल्यावर कोणी "रॅम वाढवा" म्हणालं की आमचा पहिला प्रश्न, अडतंय नक्की कुठे? तोच प्रश्न हेडलाइटला विचारायचा तर आधी तिचा इतिहास बघावा लागतो, कारण गेली सव्वाशे वर्षं जगभरच्या इंजिनियर मंडळींनी नेमका हाच प्रश्न सोडवलाय. आणि त्यांचं उत्तर दुकानदाराच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं आहे.

बैलगाडीखालचा कंदील

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. इतकी मोठी की फक्त तिच्यासाठी जलंबहून तेरा-एक किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये टाकला गेला. पण जलंब-खामगावपर्यंत कापूस यायचा तो बैलगाडीनेच. घाटावरून, म्हणजे बुलढाणा-चिखली-मेहकरकडून, खाली पूर्णेच्या खोऱ्यात. उन्हाचा ताप नको म्हणून गाड्या रात्रीच्या निघायच्या, आणि गाडीच्या खाली आसाला एक कंदील टांगलेला असायचा.

हा कंदील रस्ता बघायला नसायचा हे लक्षात घ्या. बैलांना रस्ता पाठ असतो, गाडीवान बरेचदा झोपलेला असतो. कंदील होता तो दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून. ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगाला पुढचं बघायला दिव्याची गरजच नसते. बैल थांबला की गाडी थांबली. म्हणजे दिव्याची दोन कामं आहेत: आपल्याला दिसणं आणि आपण दिसणं. पहिलं काम वेगामुळे जन्माला आलं, दुसरं मुळातच होतं. या लेखाच्या शेवटी आपण दुसऱ्या कामाकडे परत येणार आहोत.

मुंबईत मोटारगाड्या आल्या १८९८ मध्ये. तेव्हाच्या गाड्यांना तेलाचे किंवा कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडचा दिवा जत्रेत, वरातीत ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वास आठवेल. खालच्या डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून ऍसिटिलीन वायू, आणि त्याची पांढरीशुभ्र ज्योत. मागे अंतर्गोल आरसा लावला की झाली हेडलाइट. वाऱ्या-पावसाला ही ज्योत तेलाच्या दिव्यापेक्षा चिवट होती. पण पेटवायला खाली उतरायचं, काडी ओढायची आणि पाणी किती सोडायचं याचा अंदाज बांधायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉशने डायनॅमो, बॅटरी आणि दिवे असा पूर्ण संच विकायला काढला, आणि कार्बाइडचा जमाना हळूहळू मावळला.

उजेड मिळाला, मग भांडण सुरू झालं

इथून पुढे गोष्ट रंगते. विजेने उजेड वाढला, आणि लगेचच समोरच्याचे डोळे दिपायला लागले. यानंतरचा हेडलाइटचा जवळजवळ सगळा इतिहास "उजेड वाढवा" असा नसून "उजेड योग्य जागी टाका, आणि समोरच्याच्या डोळ्यात टाकू नका" असा आहे.

पहिलं मोठं पाऊल १९२४-२५ च्या सुमाराचं. ओसराम कंपनीने एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट घातले, नाव 'बिलक्स'. एक फिलामेंट लांबच्या उजेडासाठी, दुसरं खाली झुकलेल्या उजेडासाठी. आपल्याकडे ज्याला ट्रकवाले 'अप्पर-डिप्पर' म्हणतात त्याचा जन्म हा. ट्रकच्या मागे जे 'यूज डिप्पर ऍट नाइट' लिहिलेलं असतं त्याचं मूळ इथे आहे. अप्पर-डिप्परचं बटण बरीच वर्षं पायाखाली असायचं. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या आपल्या ऍम्बॅसडरचे जुने ड्रायव्हर डाव्या पायाने डिप्पर मारायचे, ते यामुळे.

मग प्रत्येक देशाने आपापला मार्ग काढला. अमेरिकेने १९४० पासून 'सील्ड बीम' आणला: काच, आरसा आणि फिलामेंट सगळं एकत्र सीलबंद, सगळ्या गाड्यांना एकच गोल माप. बल्ब गेला की अख्खा दिवा बदला. महाग वाटतं, पण फायदा बघा: धूळ आत जात नाही, आरसा काळवंडत नाही, आणि कोणी आगाऊपणा करून आतला बल्ब बदलू शकत नाही! (आमच्या भाषेत, सगळे मेंबर प्रायव्हेट.) फ्रान्सने १९३६ च्या कायद्याने पिवळे हेडलाइट सक्तीचे केले, डोळ्यांना कमी त्रास होईल म्हणून, आणि १९९३ पर्यंत ते चालवले. युरोपने १९५७ मध्ये डिप्परचा उजेड तिरपा कापायला सुरुवात केली. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला उजेड खाली, आणि आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर चढलेला. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून तो डावीकडे चढतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून डिप्पर लावा, ही रेघ स्वच्छ दिसेल. ही रेघ हेडलाइटच्या विज्ञानाचा गाभा आहे. तिच्या खाली उजेड, वर अंधार.

आपल्याकडे एक वेगळाच उपाय होता. १९६५ आणि १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट असायचे, तेव्हा हेडलाइटच्या काचेला वरून काळा रंग फासला जाई. नंतरही कितीतरी वर्षं ट्रक-एसट्यांच्या दिव्यांना वरच्या अर्ध्या भागात काळा रंग किंवा मधोमध काळी टिकली दिसायची. शास्त्रीयदृष्ट्या फार नेमका उपाय नव्हे, पण त्यामागची नीयत चांगली होती: समोरून येणारा माणूसही घरी पोचला पाहिजे.

हॅलोजन: खरी सुधारणा

आता बल्बकडे. साध्या बल्बचं दुखणं असं की टंगस्टनचं फिलामेंट तापलं की हळूहळू त्याची वाफ होते आणि ती काचेवर बसते. बल्ब काळा पडत जातो, फिलामेंट झिजत जातं. फिलामेंट जास्त तापवलं तर उजेड जास्त, पण आयुष्य कमी. १९५९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिडरिक आणि एमेट वायली यांना जे पेटंट मिळालं त्यात या दुखण्यावरचं औषध होतं. बल्बमध्ये थोडं आयोडीन टाकायचं. उडालेलं टंगस्टन आयोडीनशी संयोग पावतं, फिलामेंटजवळच्या भयंकर उष्णतेत ते संयुग मोडतं, आणि टंगस्टन पुन्हा फिलामेंटवर येऊन बसतं. काच काळी पडत नाही. फक्त ती खूप गरम राहायला हवी, म्हणून बल्ब छोटा आणि क्वार्ट्झचा.

(हॅलोजन बल्बला बोट लावू नका म्हणतात ते याचसाठी. बोटाच्या तेलाचा डाग पडला की त्या जागी क्वार्ट्झ तापून खराब होतो. अंधश्रद्धा नाही ही.)

१९६२ मध्ये युरोपात गाडीसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला, एच-१. त्यात एकच फिलामेंट. दोन फिलामेंटवाला एच-४ आला १९७१ मध्ये, आणि तो आजही आपल्या असंख्य गाड्यांत, जीपमध्ये, टेम्पोत बसलेला आहे. पन्नास वर्षांहून जास्त टिकलेलं डिझाइन! आमच्या धंद्यात पाच वर्षं टिकलं तरी पेढे वाटतात.

एच-४ हातात घेऊन बघा. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी दिसेल. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. वरची ती स्वच्छ रेघ या वाटीतून जन्मते. फिलामेंट अर्धा-एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे झालं तरी रेघ बिघडते. म्हणजे हेडलाइट ही एक जोडी आहे: बल्ब आणि आरसा, एकमेकांसाठी मोजून-मापून बनवलेली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थोडं गणित (घाबरू नका)

एच-४ ६०/५५ वॅटचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार १३.२ व्होल्टला त्याचा उजेड अप्परला १६५० ल्युमेन, डिप्परला १००० ल्युमेन, दोन्हीकडे १५ टक्के कमी-जास्त चालतो. म्हणजे नियमात बसणारा सगळ्यात भारी बल्बसुद्धा डिप्परला ११५० ल्युमेनच्या पुढे जाऊ शकत नाही. मग खोक्यावरचे १३० टक्के आले कुठून? बारीक अक्षरात वाचा: रस्त्यावरच्या काही ठराविक ठिकाणी, आणि तेही कायद्याने ठरवलेल्या किमान उजेडाच्या तुलनेत. साध्या चांगल्या बल्बच्या तुलनेत नव्हे. अशा बल्बमध्ये फिलामेंट जास्त नेमकं बसवलेलं आणि जास्त तापवलेलं असतं. उजेड थोडा एकवटतो हे खरं, पण त्याचं आयुष्यही बरंच कमी होतं.

आता शाळेतला नियम. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट विरळ होतो. म्हणून दुप्पट लांबचं दिसायला चौपट उजेड लागतो. १५ टक्के जास्त उजेड म्हणजे अंतरात फक्त ७ टक्के वाढ. जे ५० मीटरवर दिसत होतं ते साडेत्रेपन्न मीटरवर दिसेल. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर जाते. तर हजार रुपयांत मिळाले साडेतीन मीटर, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. फुकट नाही, पण दिवसही नाही.

दुसरीकडे थांबायला काय लागतं बघा. माणसाच्या मेंदूला दिसणं-समजणं-ब्रेक दाबणं यात दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीकठाक धरा. ताशी ६० ला सुमारे ४९ मीटर. ८० ला ७५ मीटर. १०० ला १०७ मीटर. आणि समृद्धीवर १२० ला जवळजवळ १४४ मीटर. अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१५ मध्ये तपासलं तेव्हा हॅलोजनचा डिप्पर ताशी ६४ किलोमीटरलाच अंधाऱ्या रस्त्यावर अपुरा पडत होता. म्हणजे आपल्याकडे रात्री डिप्परवर ८०-९० ने जाणारा प्रत्येकजण उजेडाच्या पुढे धावतोय. हे अंतर कुठलाही बल्ब भरून काढत नाही. ते फक्त उजव्या पायाने भरून निघतं.

शंभर वॅटचा मोह

हजार रुपयांच्या बल्बच्या आधीही आपल्याकडे एक देशी उपाय होताच: १००/९० किंवा त्याहून मोठे बल्ब. सुमो, कमांडर, मार्शल यांच्या जमान्यात हे अगदी सर्रास. आता ५५ वॅटला १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० वॅटला सव्वाआठ. वायरमध्ये जी उष्णता होते ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पटीहून जास्त. कंपनीची वायर बिचारी ५५ साठी मोजून दिलेली. ती तापते, कनेक्टर वितळतो, स्विच जळतो, आरशाची पॉलिश उडते. आणि गंमत म्हणजे बारीक वायरमध्येच व्होल्टेज पडल्यामुळे बल्बला पोचतं कमी.

इथे खरी मेख आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के पडतो! जुन्या गाड्यांत गंजलेला अर्थिंगचा नट, काळवंडलेला कनेक्टर, स्विचमधून फिरून येणारी लांब वायर यांच्यात दहा टक्के सहज जातात. म्हणजे अशा गाडीत हजार रुपयांचा बल्ब टाकून फार तर १५ टक्के मिळवायचे, आणि अर्थिंग घासून, बॅटरीवरून थेट जाड वायर आणि रिले टाकून गेलेले ३० परत आणायचे, यात कुठला सौदा चांगला? सत्तरवरून शंभर म्हणजे ४३ टक्के वाढ झाली की राव. चिखली-मेहकरचा कुठलाही चांगला वायरमन हे काम एका दुपारी करतो. (नवीन गाड्यांत मात्र दिवे कॉम्प्युटरच्या ताब्यात असतात, तिथे वायर कापाकापी नको. वॉरंटी जाईल, आणि वर डॅशबोर्डवर दिवे लागतील ते वेगळेच.)

दुसरी मेख काचेची. १९८० च्या दशकापासून हेडलाइटची काच खऱ्या काचेची राहिली नाही, पॉलिकार्बोनेट झाली. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं-धुरकट होतं, आणि विदर्भाच्या उन्हाबद्दल मी काय सांगायचं! त्याच अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये मोजलं: अशी खराब झालेली हेडलाइट नवीनच्या जेमतेम २० टक्के उजेड देते. वीस! आत सूर्य बसवला तरी बाहेर कंदीलच. दिव्याखाली अंधार ऐकलं होतं, हा दिव्यापुढे अंधार. पॉलिश करून घ्यायला काही शे रुपये लागतात, नवीन काच बसवली तर थोडे जास्त.

एलईडीचं काय?

झेनॉनचे दिवे १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आले. पस्तीस वॅटमध्ये तीन हजारांहून जास्त ल्युमेन. पण युरोपने लगेच अट घातली: २००० ल्युमेनच्या वरचा दिवा असेल तर गाडी मागून दबल्यावर दिवा आपोआप खाली झुकला पाहिजे आणि काच धुवायला फवाराही हवा. कारण काचेवरच्या धुळीने उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपल्याकडे मात्र २००० नंतरच्या दशकात झेनॉनचे 'किट' नुसतेच आले. अटी तिकडेच राहिल्या.

मग एलईडी. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, आणि पांढरा एलईडी त्याच्यामुळेच शक्य झाला. कंपनीने मुळातून एलईडीसाठी बनवलेली हेडलाइट उत्तम असते, याबद्दल वाद नाही. कमी वीज, जास्त उजेड, लांब आयुष्य.

पण हॅलोजनच्या आरशात एलईडीचा बल्ब घुसवणं ही वेगळी गोष्ट. वर म्हटलेलं वाक्य आठवा: बल्ब आणि आरसा ही मोजून बनवलेली जोडी आहे. फिलामेंट चारी बाजूंना उजेड देतं, एलईडीची चिप एका सपाट पट्टीवरून दोन बाजूंना. आरशाला जिथून उजेड अपेक्षित आहे तिथून तो येतच नाही. परिणाम: गाडीच्या नाकासमोर पंधरा-वीस मीटरवर पांढराफेक उजेड, लांब अंधार, आणि वरची ती रेघ विस्कटलेली. जवळ लख्ख दिसतं म्हणून ड्रायव्हरला वाटतं दिवस झाला. प्रत्यक्षात डोळ्याची बाहुली त्या जवळच्या उजेडाने आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. जर्मनीने २०२० मध्ये ओसरामच्या अशा एका बल्बला रस्त्यावर परवानगी दिली, तीही गाडीच्या एकेका मॉडेलमध्ये तपासून, यादी करून. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं लिहिलेलं खोकं बघितलं की म्हणूनच मला हसू येतं.

आपला कायदाही यात स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा उजेड कायम खाली झुकलेला हवा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीला डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नको. आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलंय की निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. पण कायदा कोण वाचतं! बोथ्याच्या घाटात तर पोलीसही नसतो.

बोथ्याच्या घाटात

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. बुलढाण्याहून खामगावला बोथामार्गे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं जंगल: बिबट्या, अस्वल, रोही, रानडुक्कर. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ तेराशे किलोमीटर चालत याच जंगलात येऊन राहिला होता. या घाटात वळणं आहेत. हेडलाइट सरळ बघते, रस्ता वळतो. वळणावर १३० टक्के जास्त उजेड १३० टक्के जास्त झाडांवर पडतो, एवढंच. आणि रोही दोनशे किलोचं धूड घेऊन कडेने येतं, समोरून नाही.

खाली उतरलं की मलकापूर-नांदुरा-खामगावचा राष्ट्रीय महामार्ग, आणि वर मेहकर-सिंदखेडराजाकडे समृद्धी. रात्र या जिल्ह्यात किती महाग पडू शकते हे २०२३ च्या जुलैने दाखवलं. १ तारखेच्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खाजगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्याच महिन्यात २९ तारखेला पहाटे मलकापूरला दोन खाजगी बस एकमेकींवर आदळल्या, सहा जण गेले. या अपघातांचं कारण हेडलाइट होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. एवढंच म्हणायचंय की रात्रीचा रस्ता ही चेष्टेची गोष्ट नाही, आणि तिथे पैसे खर्च करायचे तर नीट विचार करून.

माझे बाबा आता सत्तरीत आहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. भिंग पिवळं झालेलं असतं, बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. आणि दिपल्यावर डोळा सावरायलाही जास्त सेकंद लागतात. बाबा देऊळगावराजाहून मोटरसायकलवर संध्याकाळी परत येताना समोरून एक पांढरा लोळ आला की ते सरळ कडेला उतरून थांबतात. "काय करता बाप्पा, काहीच दिसत नाही. तो जाऊ दे, मंग निघतो." प्रत्येकजण थांबत नाही. बरेचजण अंदाजाने पुढे जातात, आणि त्या दोन-तीन सेकंदांत कडेला सायकलवाला असतो, बंद पडलेली ट्रॉली असते, पायी शेगावला निघालेली दिंडी असते. ज्याने दोन हजारांचा दिवा लावला त्याला यातलं काही कळतसुद्धा नाही, तो पुढे निघून गेलेला असतो. मोठे दिवे लावले म्हणायचे!

मग घ्यायचे की नाही?

माझा हिशोब असा, आणि क्रमही हाच:

१. काच. धुरकट झाली असेल तर आधी पॉलिश, नाहीतर बदल. पावसाळ्यात रोज फडका.

२. व्होल्टेज. जुनी गाडी असेल तर अर्थिंग, कनेक्टर, रिले.

३. नेम. गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने मांडा. डिप्परची रेघ त्याच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डिकीत सोयाबीनची दोन पोती टाकलीत आणि गाडीचं नाक एका अंशाने जरी वर झालं, तरी खाली झुकलेला तो उजेड आडव्या रेषेच्या वर जातो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यात. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ०-१-२-३ लिहिलेली एक चकती असते. ती याचसाठी आहे आणि तिला कोणी हात लावत नाही.

४. एवढं झाल्यावर बल्ब. नावाजलेल्या कंपनीचा, मूळ वॅटचाच, दोन्ही बाजूंना एकदम नवीन. जुना बल्बही झिजून मंदावलेला असतो, त्यामुळे साध्या नवीन जोडीनेच फरक दिसतो. रात्रीचा प्रवास फार असेल आणि बल्ब लवकर जाणार हे मान्य असेल तर महागडी हॅलोजन जोडी घ्यायला हरकत नाही. फायदा आहे, पण थोडा. निळसर काचेचे मात्र घेऊ नका. निळा रंग उजेड गाळतो, वाढवत नाही.

५. हॅलोजनच्या आरशात एलईडी किंवा झेनॉनचं किट: नको. ते पैसे तुमचे, पण डोळे दुसऱ्याचे.

आणि सहावी गोष्ट, जी कुठल्याच दुकानदाराने मला सांगितली नाही. सुरुवातीला म्हटलं होतं, दिव्याची कामं दोन: दिसणं आणि दाखवणं. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं. त्यामागची कल्पना अशी की उजेड जिथून आला तिथेच परत पाठवायचा. आपण ज्याला 'रेडियमची पट्टी' म्हणतो तीही हेच करते. (त्यात रेडियम अजिबात नसतं, पण नाव पडलं ते पडलं.) डिप्परच्या उजेडात मळकट ट्रॉली पन्नास मीटरवर दिसायची मारामार, तीच मागे लाल पट्टी असेल तर कितीतरी आधी चमकते. बल्बने असा फरक पाडायला कितीतरी पट उजेड लागला असता. इथे काम होतं पन्नास-शंभर रुपयांत.

आमच्या गावात सोयाबीनच्या हंगामात तीसेक ट्रॉल्या रात्री खळ्यावरून निघतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये महाग बल्बच्या एका जोडीच्या किमतीत मी पट्टीचे रोल आणले, आणि चुलतभावाला घेऊन एका रविवारी जेवढ्या ट्रॉल्या सापडल्या तेवढ्यांच्या मागे चिकटवल्या. एका काकांनी विचारलं, "तुह्या गाडीले काय फायदा रे याचा?" मी म्हटलं, काका, माझ्याच गाडीला.